आधी काच पुसू

माझ्या डाव्या कडेचे केस आज सत्तावीस मिलिमीटर लांब आहेत आणि उजव्या कडेचे एकोणीस. मधले केस एका कडेकडून दुसरीकडे उतरत जातात. केस खाली करून मला सपाट फरशीवर ठेवले, तर मी उजवीकडे कलतो. आठ मिलिमीटर म्हणजे फार नव्हे, पेन्सिलीच्या जाडीएवढे. पण एवढा फरक पडायला चौदा महिने लागले, आणि तो का पडला हे मोठ्याने बोलले जायला त्याहून थोडे जास्त.

मित्रांनो, काचेचे छप्पर धुणारा मी एक जुना ब्रश आहे. कारखान्यात मला मोटारी धुण्यासाठी घडवले होते. प्लास्टिकच्या पाठीला भोके पाडून त्यांत मऊ नायलॉनचे केस गच्च बसवले, टोके किंचित फोडून आणखी मऊ केली आणि मला एका दुकानाच्या दारात पिंपात उभे केले. तिथून मला ज्यांनी उचलले त्यांना सगळे ‘चष्मेवाले’ म्हणत, कारण चष्मे करणे हाच त्यांचा धंदा होता. सोबत त्यांच्या पत्नी होत्या. त्या शाळेत विज्ञान शिकवत, म्हणून त्यांना सगळे ‘बाई’ म्हणत, घरातसुद्धा, थट्टेने. दुकानदार म्हणाला की हा दहा वर्षे झिजणार नाही. बाईंनी ते ऐकून घेतले. घरी आल्यावर पट्टी घेऊन माझे केस मोजले आणि माझ्या पाठीवर न पुसल्या जाणाऱ्या शाईने लिहिले, ‘५०’.

“दहा वर्षांनी त्याला आकडा दाखवते,” त्या म्हणाल्या.

“तोवर तो दुकान विकून मोकळा झालेला असेल,” चष्मेवाले म्हणाले.

त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीला टेकून एक काचघर होते. तीन बाजूंना काच आणि वर काचेचे उतरते छप्पर. छपरात अठरा काचा, सहा-सहाच्या तीन ओळींत, आणि दोन काचांमध्ये तीन बोटे रुंद ॲल्युमिनियमची पट्टी. आत बाईंची नेच्यांची रोपे होती. नेच्याला ऊन नको, पण उजेड भरपूर लागतो. छप्पर मळले की रोपे उजेडाच्या शोधात माना लांब करत आणि फिकी पडत. म्हणून ते धुणे ही घरातली खरी गरज होती, हौस नव्हे.

चष्मेवाल्यांनी त्यासाठी जे सामान जमवले ते कोणाच्याही घरात सापडेल. मी, एक लांब पोकळ नळी, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, एक बादली, बागेची पाण्याची नळी, एक रबरी वायपर आणि फाटके बनियन. माझा दांडा त्यांनी पोकळ नळीत खुपसला आणि जोडावर ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली. पन्हळीतला पाला काढायला स्वयंपाकघरातली जुनी पळी वाकवून घेतली. ती पळी मोठी फटकळ होती, पण तिची गोष्ट वेगळी.

कामाची रीत ठरलेली होती. दिवस ढगाळ हवा, कारण उन्हात साबण काचेवरच वाळतो आणि डाग सोडतो. आधी नुसते पाणी सोडायचे आणि दहा मिनिटे थांबायचे, म्हणजे मातीचे बारीक कण सुटून वाहून जातात. ते तसेच राहिले तर ब्रशाखाली येऊन काचेवर ओरखडे काढतात. मग बादलीभर पाण्यात भांड्यांचा साबण दोन चमचे, आणि मी. वरून खाली, दाब न देता, नुसत्या माझ्या वजनाने. शेवटी स्वच्छ पाणी. चष्मेवाले काचघराशेजारी दुहेरी शिडीवर उभे राहत आणि लांब नळीने मला वरच्या ओळीपर्यंत पोचवत. काचेवर हात किंवा गुडघा टेकायचा नाही, हा पहिला नियम. बाईंनी शिडी धरल्याशिवाय वर चढायचे नाही, हा दुसरा.

शिडी पक्की बसली आणि चष्मेवाले खालच्या पायरीवर आले की बाई आत जात आणि पेन्सिलीच्या टोकाने खालून काचेकडे खूण करत. इथे राहिले, तिथे राहिले. मी त्या टोकाच्या मागे फिरत असे. एका काचेच्या वर मी आणि खाली पेन्सिल, मध्ये चार मिलिमीटर. अठरावी काच झाली की बाई दोन्ही हात वर करत. मला त्याहून मोठी शाबासकी कधी मिळाली नाही.

सात वर्षे हे असे चालले. वर्षातून दोनदा धुणे, आणि दर वर्षी एकदा बाईंची पट्टी. माझ्या पाठीवर आकडे उमटत गेले. ४९, ४८, ४७, ४७, ४६, ४५, ४४. दुकानदार अगदीच खोटे बोलला नव्हता.

आता चष्मेवाल्यांच्या एका सवयीबद्दल सांगायला हवे. दुकानात कोणी तक्रार घेऊन आले, की काका, तुमच्या चष्म्यातून धूसर दिसतंय, तर ते डोळे तपासायला बसवत नसत. हात पुढे करत आणि म्हणत, “आधी काच पुसू.” चष्मा साबणाने धुऊन, मऊ कापडाने टिपून परत नाकावर चढवत आणि समोरच्या तक्त्याकडे बोट करत, “वाचा बघू खालची ओळ.” दहांतले नऊ जण खडखडीत वाचून हसत घरी जात. चाळीस वर्षे त्यांनी हेच केले आणि दहांत नऊ वेळा ते बरोबर होते. ज्याचे म्हणणे इतक्या वेळा बरोबर ठरते, त्याला दहावा माणूस ओळखू येत नाही. निदान तो आपल्याच घरात असला तर.

दुकान बंद करून चष्मेवाले घरी बसले त्या वर्षी एका सकाळी ते काचघरात उभे राहून म्हणाले की छपरावर साय धरली आहे. बाईंनी वर पाहिले. छप्पर तीन आठवड्यांपूर्वीच धुतले होते. त्या म्हणाल्या की स्वच्छ आहे. ते म्हणाले, आधी काच पुसू, मग बोलू.

आम्ही धुतले. मी काच डोळ्यांनी नाही, केसांनी ओळखतो. मळलेली काच मला किंचित अडवते, स्वच्छ काचेवरून मी घसरत जातो. त्या दिवशी मी अठराच्या अठरा काचांवरून घसरत गेलो. तिथे काहीही नव्हते.

पुढच्या महिन्यात पुन्हा, मग दर पंधरा दिवसांनी, मग दर आठवड्याला. साबणाचे दोन चमचे होते ते चार झाले. ढगाची वाट पाहणे सुटले, दहा मिनिटे थांबणे सुटले. बाई आतून दोन्ही हात वर करत आणि चष्मेवाले मान हलवत. तुझी नजर अधू झालीय, असे ते बाईंना म्हणाले. बाई काही बोलल्या नाहीत. घासताना आता ते मान उजवीकडे वळवून डाव्या डोळ्याने पाहत. मानेबरोबर खांदा वळे, खांद्याबरोबर नळी, आणि मी माझ्या उजव्या कडेवर घासला जाई. हे मला कळत होते, पण ब्रशाने सांगायचे कोणाला?

लेक परगावी राहत असे. फोनवर ती म्हणाली, “बाबा, जगाचे डोळे तपासलेत, आता स्वतःचे कोणाला तरी दाखवा.” ते म्हणाले की या रविवारनंतर बघू. रविवार आला की ते शिडीवर असत.

बाई गप्प का राहिल्या, असे तुम्ही विचाराल. चष्मेवाल्यांच्या थोरल्या भावाच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, फार जुनी गोष्ट. जखम चिघळली आणि तो डोळा कायमचा गेला. त्यानंतर चष्मेवाल्यांनी दुकानात आलेल्या कितीतरी जणांना समजावून ऑपरेशनला पाठवले. आता तसे होत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत असणार? पण आपल्या घरात तो शब्द त्यांनी येऊ दिला नाही. बाईंनी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा ते बादली उचलून बाहेर गेले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलेच नाही. त्या फक्त मला मोजत राहिल्या, आता दर दोन महिन्यांनी, आणि दोन्ही कडा वेगवेगळ्या.

मग एक दिवस चष्मेवाल्यांनी माझ्या तोंडावर तारेची घासणी बांधली. मित्रांनो, या दिवसाबद्दल मला आजही बोलवत नाही. ज्या काचेवर मी कधी माझ्या वजनापेक्षा जास्त भार टाकला नव्हता, तिच्यावर मी त्या दिवशी ओरबाडत फिरलो. वरच्या ओळीतल्या दोन काचांवर बारीक ओरखड्यांचे जाळे उठले. त्या खरोखरच धुरकट झाल्या. आणि चष्मेवाले शिडीवरून म्हणाले, “बघ, मी म्हणत नव्हतो?” बाईंनी घासणी सोडून कचऱ्यात टाकली.

शेवटचे धुणे आज सकाळचे. बाई आत रोपांना पाणी घालत होत्या. चष्मेवाल्यांनी त्यांना हाक मारली नाही. शिडी लावली, एकटेच चढले आणि वरच्या ओळीतल्या एका कोपऱ्याकडे मला रेटू लागले. तिथे त्यांना साय दिसत होती. मी पोचेना, म्हणून त्यांनी डावा हात पुढे केला. तो काचांमधल्या पट्टीवर टेकायचा होता. पट्टी तीन बोटे रुंद, आणि हात पडला तिच्यापासून वीतभर उजवीकडे, चौदाव्या काचेवर.

आधी एक बारीक टक् असा आवाज आला. मग काच आत गेली. शिडी हलली, चष्मेवाल्यांनी पन्हळ धरली आणि मी नळीसकट खाली पडलो. पन्हळीने त्यांना तोलून धरले. ते एकेक पायरी चाचपत उतरले आणि आत धावले.

बाई रोपांच्या फळीशी उभ्या होत्या. काचेचे तुकडे नेच्यांत पडले होते, त्यांच्या पायांपाशी पडले होते, आणि एक तुकडा मनगटाला चाटून गेला होता. तळव्यावरून रक्त बोटांपर्यंत आले होते.

“लागलं तर नाही ना?” चष्मेवाल्यांनी विचारले. ते त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांनी बाईंच्या हाताकडे पाहिले आणि म्हणाले, “नाही ना? हात मातीने भरलाय बघ. धुऊन घे.”

बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. एवढा वेळ कोणीच कोणाकडे पाहत नाही. मग त्यांनी फाटक्या बनियनची पट्टी मनगटाला गुंडाळली, तुकडे झाडून एका कोपऱ्यात केले, मला बाहेरून आणले, मोजायची पट्टी घेतली आणि माझ्या दोन्ही कडा मोजल्या. वर्गात धडा वाचावा तशा आवाजात माझ्या पाठीवरचे आकडे त्यांनी वाचून दाखवले. सात वर्षांत सहा मिलिमीटर. चौदा महिन्यांत डावीकडे सतरा, उजवीकडे पंचवीस. उजवीकडेच जास्त का, याचे कारणही त्यांनी सांगितले. मान, खांदा, नळी.

“काच मळलेली होती,” चष्मेवाले म्हणाले. “म्हणून ॲल्युमिनियमची पट्टी दिसली नाही.”

बाईंनी खुर्ची ओढली, चष्मेवाल्यांना बसवले आणि खुर्ची थोडी फिरवली. समोरच्या उंच इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती आणि तिच्यावर मोठी काळी अक्षरे. बाईंनी मागे उभे राहून आपला गुंडाळलेला हात त्यांच्या डाव्या डोळ्यावर ठेवला.

“वर बघा, त्या चौकटीतून. टाकीवर काय लिहिलंय, वाचा बघू.”

ते बराच वेळ पाहत होते.

“वाचता येत नाही,” ते म्हणाले. “साय आहे. ही काचही पुसायला हवी.”

“तिथे काच नाहीये,” बाई म्हणाल्या. “ती मघाशी फुटली.”

मी फळीला टेकून उभा होतो. मोकळ्या चौकटीतून वारा येत होता आणि नेच्यांची पाने हलत होती. चष्मेवाल्यांनी हात वर केला, वाऱ्यात धरला, आणि तसाच खाली आणला. मग डोळ्यावरचा बाईंचा हात काढून दोन्ही हातांत घेतला. बनियनची पट्टी ओली होती. अंगठा तिच्यावर थांबला. त्यांनी अंगठ्याचा वास घेतला, आणि तेव्हा त्यांना कळले की ती माती नव्हती.

मित्रांनो, माझे केस आता पुन्हा वाढणार नाहीत आणि त्या दोन काचांवरचे ओरखडे बुजणार नाहीत. मला बदला, खुशाल बदला. नवा ब्रश महाग नसतो. त्याला मऊ हाताने वापरा, आधी पाणी सोडा, शिडी धरायला कोणाला तरी हाक मारा. आणि कितीही पुसून डाग जात नसेल, तर जोर वाढवण्याआधी थोडे थांबा. तुमचा डाग कदाचित काचेवर नसेलच. जवळ उभ्या असलेल्या माणसाला विचारा, त्याला काय दिसते. आणि तुम्ही जवळ उभे असाल, तर पट्टी घेऊन गप्प मोजत बसू नका; आधी सांगा.

चष्मेवाल्यांनी बाईंचा हात तसाच धरून ठेवला.

“काच पुसून झाली,” ते म्हणाले. “लेकीला फोन लाव. म्हणावं, बाबा डोळ्याचं ऑपरेशन करून घेतायत. आधी उजवा.”