बझर वाजल्यानंतरची गोळी

क्लबात तिला सगळेच वहिनी म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. कारण तिची थोरली नणंद म्हणजे क्लबाची ताई. ताईंनी पिस्तुलाच्या नेमबाजीत इतक्या ढाली आणल्या होत्या की ऑफिसातलं कपाट त्यांनीच भरलं होतं. ताईंची भावजय ती सगळ्यांची वहिनी. घरी ती त्यांना वन्सं म्हणे. आई गेल्यावर धाकट्या भावाला वन्संनीच वाढवलं होतं, लग्न केलं नव्हतं, आणि वन्सं म्हणतील ती पूर्व दिशा हे घरात होतं तसंच क्लबातही होतं.

वहिनी नेमबाज नव्हती, ती रेंज ऑफिसर होती. काचेच्या केबिनमध्ये बसून नेमबाजांच्या दहा लेनवर नजर ठेवायची. लाल बटण दाबलं की बझर वाजे आणि भिंतीवरचे, दारावरचे लाल दिवे लागत. मग ट्रिगरवरचं बोट काढायचं, पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवायचं आणि पिवळ्या रेषेच्या मागे यायचं. दहाही टेबलं डोळ्यांनी पाहून झाली की वहिनी दुसरं बटण दाबी, तेव्हा कुठे लक्ष्यांकडे जायच्या फाटकाचं कुलूप सुटे. लक्ष्यांच्या बाजूला सामान आणायचं एक मागचं दारही होतं. ते उघडलं तर बझर आपोआप वाजे.

आधी तिथे जुना भोंगा होता. मागच्या इमारतीतल्या लोकांनी तक्रारी करकरून तो काढायला लावला आणि त्या जागी हा बारीक, किणकिणता बझर आला. सेक्रेटरींना तो फार आवडला. "कसा सभ्य आवाज आहे," ते म्हणाले.

एका रविवारी सहाव्या लेनचं लक्ष्य अडकलं. क्लबाचा मिस्त्री अवजारांची पेटी घेऊन फाटकापाशी जाऊन उभा राहिला. वहिनीने लाल बटण दाबलं. एकेक पिस्तूल खाली आलं. भिंतीकडच्या पहिल्या लेनमध्ये मात्र वन्संचा हात तसाच वर होता. वहिनीला वाटलं, आता खाली येईल, आता येईल. आणि गोळी सुटली.

मिस्त्रीने फाटकावर ठेवलेला हात मागे घेतला. कुलूप अजून लागलेलंच होतं, म्हणून बरं. वन्संनी शेजारच्याला मागे सरकताना पाहिलं, पिस्तूल रिकामं केलं आणि शांतपणे रेषेमागे आल्या.

"बोट आधीच दाबलं गेलं होतं," नंतर त्या केबिनशी येऊन म्हणाल्या. "असं होतं कधी कधी."

वहिनीने मान डोलावली. उशिराची गोळी सेक्रेटरींना कळवायची असा नियम होता. तिने कळवलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तसं झालं होतं तिचं.

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. ती वन्संकडे चोरून पाहू लागली. घरातलं वॉशिंग मशीन काम संपलं की टिंग टिंग करी. वन्सं त्याला टेकून पेपर वाचत उभ्या असत आणि पान उलटत राहत. ताप मोजताना थर्मामीटर वाजला तरी त्या तो काखेतच धरून बसल्या. "हे मेलं बिघडलंय," असं म्हणून त्यांनी तो परत दिला. फोनवर, जेवताना, भाजीवाल्याशी बोलताना मात्र त्यांना सगळं नीट ऐकू येई. म्हणजे फक्त बारीक आवाज जात होते. चाळीसेक वर्षं बंदुकीच्या आवाजात उभं राहिल्यावर जायचेच.

मग क्लबात इतके दिवस कसं भागलं? वहिनीला हळूहळू उत्तर कळलं. वन्सं बझर ऐकत नव्हत्या, शेजाऱ्यांना बघत होत्या. उजवीकडचा मागे सरकला की त्याही सरकत. नेम धरताना नेमबाजीच्या चष्म्याच्या झडपा दोन्ही बाजूंनी आड येत, तेव्हा ना शेजारी दिसे ना दिवा.

तिने नवऱ्याला सांगितलं.

"ताईला ऐकू येत नाही?" तो हसला. "अगं, मी दुसऱ्या खोलीत पुटपुटलो तरी तिला कळतं."

"पुटपुटणं वेगळं. बझर वेगळा."

"मग तूच विचार तिला. मला नको मध्ये घालूस."

तिने विचारलं. वन्सं चहा गाळत होत्या. त्यांनी गाळणी खाली ठेवली.

"माझे कान शाबूत आहेत," त्या म्हणाल्या. "तू तुझी बटणं सांभाळ."

पुढच्या रविवारी दुसऱ्या क्लबाशी सामना होता. वहिनीने वन्संना मधली लेन देऊन पाहिली. "भिंतीकडची माझी आहे," वन्सं म्हणाल्या, आणि सेक्रेटरी लगबगीने म्हणाले, "ताईंना हवी ती द्या हो." सामना सुरू झाला. वहिनी दहा लेन पाहायच्या सोडून एकच पाहत होती. बझर वाजवायची वेळच येऊ नये, असं तिला वाटत होतं, आणि असं वाटणारी बाई या खुर्चीत कशाला बसली, असंही वाटत होतं.

आणि बझर आपोआप वाजला. मागचं दार उघडल्याचा दिवा केबिनमध्ये लुकलुकत होता. लक्ष्यांच्या बाजूला कोण आलं, ते तिथून दिसत नव्हतं. नऊ पिस्तुलं खाली गेली. वन्संचा हात वर चढत होता, नेहमीसारखा संथ, न थरथरणारा.

माईकवर ओरडून उपयोग नव्हता, कानांवर आवाज अडवणारे संरक्षक होते, शब्द कळले नसते. नेम धरलेल्याला जाऊन धक्का द्यायचा नसतो. वहिनीने भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला.

रेंज काळोखात बुडाली. कानांवरचं सरकवल्याचे आवाज आले, कोणीतरी खोकलं. गोळी सुटली नाही.

"पिस्तुलं खाली ठेवा, सगळे मागे या," वहिनी केबिनबाहेर येऊन म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. टॉर्चच्या उजेडात तिने दहाही टेबलं तपासली, मगच दिवे लावले. मिस्त्री बाहेरून वळसा घालून मागचं दार बघून आला. कडी नीट बसली नव्हती, वाऱ्याने दार उघडलं होतं. आत कोणी नव्हतं.

पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. सेक्रेटरी लाल झाले होते. "वाऱ्याने दार हललं म्हणून दिवे घालवलेत? बझर वाजला होता ना?"

वन्सं पिस्तूल टेबलावर ठेवून उभ्या होत्या. त्या तिच्याकडेच पाहत होत्या. वहिनीला वाटलं, आत्ता एक थाप मारली तर सगळं निभावेल. हात चुकून लागला म्हणावं.

"वन्संना बझर ऐकू येत नाही," ती म्हणाली.

वन्सं पिस्तूल पेटीत ठेवू लागल्या. पेटीचा खटका त्यांच्याकडून दोनदा चुकला.

"फक्त त्यांनाच येत नसेल असं नाही," वहिनी म्हणाली. आता मागे फिरणं नव्हतंच. "सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा, डोळे मिटा. कानावरचं काढा. ऐकू आलं की हात वर करा."

का कोण जाणे, सगळ्यांनी ऐकलं. पाहुणेसुद्धा वळले. तिने बटण दाबलं. हात वर गेले, पण सगळे नाही. वन्संखेरीज क्लबातले तिघे जुने सभासद तसेच उभे होते, वाट बघत. चौथे होते सेक्रेटरी.

"वाजवा ना," ते भिंतीला म्हणाले.

कोणी हसलं नाही.

रेंज बंद ठेवली गेली. बझर गेला, जाड आवाजाचा हॉर्न आला. प्रत्येक लेनच्या पुढ्यात लाल दिवा बसला, आणि हॉर्न वाजला की लक्ष्यांवरचा उजेडही आपोआप जाईल अशी सोय मिस्त्रीने करून दिली. मागच्या इमारतीतले लोक पुन्हा तक्रार घेऊन आले. सेक्रेटरींनी त्यांना चहा पाजला, पण हॉर्न काही काढला नाही.

घरात मात्र वन्सं बोलेनाशा झाल्या. "तुझ्या बायकोला सांग, किल्ली खुंटीवर आहे," असं भावाला सांगत, आणि बायको समोरच उभी असे. नवरा बिचारा मृदंगासारखा दोन्हीकडून मार खात होता. वहिनीने माफी मागितली नाही. चार माणसांत सांगितलं, त्याची मागावीशी वाटे. पण सांगितलं याची मागायला जीभ रेटत नसे.

एक दिवस वन्सं एकट्याच कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. परत आल्या त्या चपला न काढता स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहिल्या.

"मी मिस्त्रीकडेही जाऊन आले," त्या म्हणाल्या. आज निरोप्या मध्ये नव्हता. "त्याला म्हटलं, त्या रविवारची गोळी चुकून नव्हती सुटली. मला काही ऐकूच आलं नव्हतं."

वहिनीने गॅस बारीक केला. "काय म्हणाला तो?"

"म्हणाला, ठाऊक आहे, ताई. तेव्हापासून तुमचं पिस्तूल टेबलावर दिसल्याशिवाय मी फाटकापाशी जात नाही." वन्संनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "म्हणजे त्याला माहीत होतं, तुला माहीत होतं. आणि मलाही होतं गं. थर्मामीटर बिघडला नव्हता."

वहिनीही समोर बसली.

"रात्री डोळा लागला की ते फाटक दिसतं," वन्सं म्हणाल्या. "उघडं दिसतं."

"मलाही," वहिनी म्हणाली.

वन्संनी पर्समधून डॉक्टरांचा कागद काढून तिच्यापुढे सरकवला. "कानात घालायचं यंत्र घ्या म्हणतात. उद्या माझ्याबरोबर चल. दुकानदार काय वाजवून दाखवेल, ते खरंच वाजलं की नाही हे सांगायला कोणीतरी हवं."

"येते," वहिनी म्हणाली आणि चहा टाकायला उठली.