दुसरा हात

"जोरानं घास गं मावशी, भिऊ नकोस. कातडं जाईल, नवरा नाही जायचा!"

पाच महिन्यांचं पोट सांभाळत तापल्या फरशीवर कुशीवर पडलेली बाई स्वतःच्याच बोलण्यावर हसली. मिलूदानं हातमोजा काळ्या साबणात बुडवला. मेकनेसच्या या हमामात ती सहा वर्षं बायकांच्या पाठी घासत होती. ही पाठ सुखातली होती. मनगटात सोन्याची सात कडी. अंघोळीला सोनं घालून कुणी येत नाही. ही दाखवायलाच आली होती.

"नवी दिसतेस," बादली सरकवत तामू म्हणाली. ती मिलूदाच्या जोडीला कामाला होती. "कुणाची गं तू?"

"बुशाइब ट्रकवाल्याची. ऑलिव्हच्या हंगामात दुसरा ट्रक घेतला त्यानं."

मिलूदाचा हात थांबला.

तिला टाकून गेलेल्या याच बुशाइबनं कोर्टात मोहल्ल्याच्या मुकद्दमाचा सरकारी दाखला ठेवला होता: इसम बेकार, उत्पन्न शून्य. न्यायाधीश तिला म्हणाला, कमावतो म्हणतेस तर दोन साक्षीदार आण. बायको टाकणाऱ्याला एक शिक्का पुरतो. टाकलेलीनं माणसं गोळा करत हिंडायचं. मोहल्ल्यातले सगळे मर्द माना खाली घालून बसले. उद्या तारीख होती. मुलीच्या पोटगीचा अर्ज मागे घ्यायचा, असं तिनं आज सकाळीच ठरवलं होतं.

तामू कानाशी लागली. "मी ऐकलं. नळापाशी बसलेल्या इत्तोनंही ऐकलं. झाले की दोन!"

"गप. हाज्जा सगळ्यांना हाकलून देईल."

हमामातलं बोलणं पाण्याबरोबर मोरीत सोडायचं, हा मालकीण हाज्जाचा कायदा. असल्या कायद्यांवरच बुशाइबसारखे पोसले जातात.

बाईची टकळी चालूच होती. "पहिली वांझ होती म्हणे. म्हणून तर सोडली. आता कोर्टात पैसे मागतेय, निलाजरी."

मिलूदानं हातातला तांब्या खाली ठेवला.

"शामा नाव तिचं. आठ वर्षांची आहे."

"कुणाचं?"

"वांझेच्या मुलीचं. अंगठ्याशेजारचं बोट लांब आहे, थेट बापासारखं. घरी गेलीस की त्याचे पाय बघ."

बाई उठून बसली. नळ वाहतच होता. इत्तोनं तो बंद केला.

"तामू, उद्या नऊला कोर्टात येशील?"

"आणि हाज्जा?"

"हाकलू दे."

तामूनं इत्तोकडे पाहिलं. इत्तोनं मान हलवली. "येऊ आम्ही," तामू म्हणाली.

बाई भिंत चाचपत उभी राहायला लागली.

"बैस," मिलूदा म्हणाली. "दुसरा हात राहिलाय. अर्धी घासलेली बाई मी बाहेर सोडत नाही."

ती बसली. मिलूदा खांद्यापासून घासत खाली आली. मनगटाशी एकेक कडं वर सारून खालची कातडी स्वच्छ केली. सातही कड्यांची. मग पाणी कोमट करून शेवटची बादली पोटावरून जपून ओतली आणि रोज सगळ्यांना म्हणायची तेच म्हणाली,

"बिस्सहा. अंगी लागो."