माझ्यावर अम्मांचं नाव उमटेना

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी बॅटरी कधीच मेली, त्यामुळे वीज गेली की मीही गेलो. आता महाडच्या एका घरात कपाटावर, टॉवेलखाली पडून असतो. पण २००६ साली याच घरात जे घडलं, त्याच्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

कारखान्यातून मी थेट कुवेतला, एका गोदामाच्या ऑफिसात गेलो. तिथे महाडचा मुनाफ दिवसभर पेट्यांचे आकडे भरायचा. माझ्या अंगावर आकड्यांना वेगळी जागा नाही. उजवीकडच्या काही अक्षरांच्या कोपऱ्यात बारीक आकडे छापलेत, आणि नंबर लॉक चालू असला की ती बटणं अक्षरांऐवजी आकडेच देतात. म्हणून मुनाफने मला एक मोठा सुटा कीबोर्ड जोडला आणि मी सुरू होतानाच नंबर लॉक चालू व्हावा, अशी सेटिंग करून ठेवली. त्या मोठ्या कीबोर्डवर अक्षरं वेगळी, आकडे वेगळे. त्याचं कधी अडलं नाही. माझ्या स्वतःच्या बटणांना तो बोटही लावत नसे. मला उघडायचा पासवर्ड मात्र त्याने आपल्या आईचं नाव ठेवला होता, याचा मला फार अभिमान वाटे.

पुढे ऑफिसात नवे लॅपटॉप आले आणि मला मुनाफला देऊन टाकलं. त्याच्या खोलीत मी पिशवीत पडून राहिलो. बाहेर काय चाललंय ते मला कळत नसे.

तिकडची रीत अशी, की कोणी सुट्टीवर निघाला की सगळ्यांचं सामान त्याच्या बॅगेत. मुनाफबरोबर काम करणारा, महाडचाच साकिब सुट्टीवर निघाला आणि मी त्याच्या बॅगेत गेलो. वजन जास्त भरलं, तेव्हा साकिबने मोठा कीबोर्ड काढला आणि त्या जागी दूध पावडरचे डबे कोंबले. "याच्यावर बटणं हायत की! दोन-दोन कशाला?" असं म्हणून त्याने चेन ओढली.

महाडला आल्यावर कळलं, मला का पाठवलंय ते. गोदामात अपघात झाल्याची बातमी इथवर आली होती. मुनाफ फोनवर "खैरियत हाय" एवढंच म्हणायचा. त्याच्या आईला, महरुन्निसा अम्मांना, ते पटत नव्हतं. साकिबला विचारलं तर तो खाली बघायचा. "मला माझा पोर डोळ्यांनी बघायचाय," असं अम्मांनी ठणकावलं होतं. म्हणून शुक्रवारी दुपारी मुनाफ तिकडे सायबर कॅफेत कॅमेऱ्यासमोर बसणार होता आणि इकडे मला इंटरनेट जोडून अम्मा माझ्यासमोर.

मुनाफची धाकटी बहीण मेहविश कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. तिने अम्मांचं नाव टाइप केलं. पासवर्ड चुकीचा! पुन्हा केलं. चुकीचा! पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, म्हणून कोणाला काही कळेना. मला कळत होतं. अम्मांच्या नावातली अक्षरं दाबली जात होती आणि माझ्या आतून शून्य, चार, पाच निघत होते! साकिबने माझ्या पाठीवर दोन चापट्या मारल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

फोन लावला. मुनाफ म्हणाला, "अम्मा, तुझंच नाव हाय."

"माझ्या नावानं उघडत नाय रे! तू मला तोंड दावायला भितोस. काय झालंय तुला?" अम्मा ओरडल्या. मी हादरलो. एका आईला मुलगा खोटा वाटत होता, तोही माझ्यामुळे.

मेहविशला काय सुचलं कोण जाणे, तिने तेच नाव वरच्या नावाच्या चौकटीत टाइप केलं. तिथे ठिपके नसतात.

"गो अम्मा, हे बघ, अक्षरांचे आकडे होतायत!"

तिने नंबर लॉक बंद केला, पासवर्ड टाकला आणि मी उघडलो. तेवढ्यात लोडशेडिंग! वीज आल्यावर मला सुरू केलं, तर पुन्हा पासवर्ड चुकीचा. "म्हंजे चालू होतानाच हा लॉक लावून घेतो," मेहविश म्हणाली. मग मला बंद करून पुन्हा सुरू करतानाच तिने पहिल्या निळ्या पडद्यावरच्या सेटिंगमध्ये शिरून तिथला नंबर लॉक कायमचा बंद केला. माझ्या जिवात जीव आला.

मुनाफ अजून तिथेच बसला होता. पडद्यावर त्याचा चेहरा आला तेव्हा अम्मा हसल्या. "सलाम अम्मा," म्हणत त्याने हात उचलला. डावा.

अम्मांचं हसू थांबलं. "उजवा दाव."

"अम्मा, नेट स्लो हाय..."

"उजवा हात दाव, मुनाफ."

त्याने हळूच हात वर घेतला. अंगठा होता, बोटं नव्हती. मित्रांनो, मी थिजलो. साकिब उठून बाहेर गेला. मेहविश रडू लागली. अम्मा पडद्याच्या अगदी जवळ आल्या.

"मग जेवतोस कसा रे?"

"चमच्यानं."

मित्रांनो, जुनी वस्तू कोणाला देताना ती त्याच्या घरी, त्याच्या हातात चालते का ते बघून द्या. तुमच्या सोयीचं कुलूप दुसऱ्याच्या दाराला लागू नये. आणि घरापासून लांब असाल, तर आईला खरं ते सांगा. ती हादरेल, रडेल, पण आधी जेवणाचंच विचारेल.