बापाने शिकवलेला पहिला दिवस

पोरगी कॉलेजला निघाली म्हटल्यावर उपदेश करायला सगळी गल्ली लोटली. मामा म्हणाला, वाचनालयाचं कार्ड आधी काढ. शेजारीण म्हणाली, मैत्रिणी बघून कर. जी बाई जन्मात कॉलेजच्या फाटकातून आत गेली नव्हती, तिने तर तासभर डोकं खाल्लं. बाप मात्र कोपऱ्यात गप्प बसून होता. अपघातातल्या गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करणं हे त्याचं काम. बोलण्याशी त्याचं तसं वाकडंच. सगळे गेल्यावर त्याने दार लावून घेतलं आणि मुलीला समोर बसवलं.

"वसतिगृहात एका खोलीत परकी माणसं असतात," तो म्हणाला. "यांच्यातलं कोणी तसं राहिलेलं नाही. मी सात वर्षं राहिलोय. माझं ऐक."

बाप कुठे राहिला होता हे गल्लीला ठाऊक होतं, तेव्हा तुमच्यापासून तरी कशाला लपवा. भांडणात एकाच्या डोक्यात त्याने लोखंडी पाना घातला, माणूस जागीच गेला आणि बाप तुरुंगात. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. परत आला तेव्हा अकराची. वसतिगृह त्याने बापजन्मी पाहिलं नव्हतं. लोखंडी खाटा, घंटा झाली की जेवण, फाटकावर पहारा, असं काही ऐकलं की त्याच्या डोळ्यांपुढे एकच जागा यायची. बिचाऱ्याकडे जे होतं ते तो देत होता, त्याला तरी काय बोल लावायचा!

"भिंतीकडची खाट धर. दाराकडे पाठ करून बसू नकोस. कोणी आपण होऊन काही दिलं तर घेऊ नकोस, त्याचं नंतर वसूल करतात." मग त्याने आवाज खाली आणला. "आणि पहिल्याच दिवशी कोणीतरी तुझ्या सामानाला हात घालील. तीच तिथली दादा. तिला तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत हाण. विचारायचं नाही, थांबायचं नाही. एकदा दहशत बसली की चार वर्षं कोणी तुझ्या वाटेला जाणार नाही."

पुढचे आठ दिवस त्याने तिला गॅरेजमध्ये नेलं. मुठीत कुलूप कसं धरायचं, खांद्यातून जोर कसा काढायचा, सगळं शिकवलं. एका मोडीत निघालेल्या गाडीच्या सीटवर ती ठोसे मारत राहायची आणि बाप म्हणायचा, "शाब्बास! आणखी खालून!" खरं सांगायचं तर ते आठ दिवस तिला फार आवडले. सायकल तिला मामाने शिकवली होती, पोहायला शेजारणीने नेलं होतं. बापाने काही शिकवायची ही पहिलीच वेळ होती.

वसतिगृहाच्या दालनात ती ट्रंक घेऊन उभी राहिली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. नव्या मुलींची गर्दी, आईबापांची रडारड, नुसता गोंधळ. एवढ्यात जिन्यावरून एक आडदांड मुलगी धाडधाड उतरत आली. शेवटच्या वर्षाला होती, गोळाफेकीत बक्षिसं मिळवायची, सगळ्या तिला थोरली म्हणायच्या. ती सरळ आली आणि, "ए नवीन, सोड ती ट्रंक!" असं ओरडून तिने कडीला हात घातला.

पोरीने विचारलं नाही, थांबली नाही. कुलूप मुठीत होतंच.

पहिला ठोसा जबड्यावर बसला आणि लाकूड मोडावं तसा आवाज आला. थोरली गुडघ्यावर आली. तिने तोंड धरलं, बोटांमधून रक्त आलं, काहीतरी बोलायला गेली तर शब्दाऐवजी दात बाहेर पडला. दुसरा ठोसा कानाखाली. थोरली आडवी झाली ती हललीच नाही. पोरगी मागे सरून भिंतीला टेकली, रक्ताने भरलेली मूठ वर धरून ओरडली, "या! आता कोणाला यायचंय?"

कोणीच आलं नाही. एक मुलगी भडाभडा ओकली. दुसरी थोरलीचं डोकं मांडीवर घेऊन रडत म्हणाली, "अगं, तुझं सामान वर न्यायला आली होती गं ती! सगळ्यांचं नेते!"

थोरलीच्या खिशातून कागदांची चळत फरशीवर पसरली होती. वसतिगृहाच्या बाईंनी त्यातला एक उचलला आणि पोरीच्या तोंडासमोर धरला. "वाच," त्या म्हणाल्या. नव्या मुलींसाठी थोरलीने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. पहिला महिना पुढच्या बाकावर बसा. तासाला काही कळलं नाही तर त्याच दिवशी विचारा, शाळेसारखं कोणी मागे लागणार नाही. पहिल्या चाचणीत सगळ्यांनाच कमी गुण पडतात, मलाही पडले होते. घरची आठवण आली तर खोली नंबर सातमध्ये या, रडायला भरपूर जागा आहे. एका कोपऱ्यावर रक्ताचा ठिपका पडला होता. पोरगी तिथेच फरशीवर खाली बसली. आपण काय करून बसलो हे तिला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी बापाला बोलावणं आलं. प्राचार्यांनी दोघांना उभंच ठेवलं. थोरलीचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता, तारांनी बांधला होता.

"मुलीला ठेवायचं की काढायचं हे समिती चार वाजता ठरवील," प्राचार्य म्हणाले. "तोवर तिने पुन्हा हात उचलला तर ठरवायचीही गरज नाही. हे हिला शिकवलं तरी कोणी?"

"मी," बाप म्हणाला. अंगणात आल्यावर त्याने पोरीकडून तो कागद मागून घेतला. ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचला, घडी केली आणि परत दिला. "असं असतं होय इथे," एवढंच म्हणाला.

तीन वाजता फाटकाबाहेर थोरलीचे दोन भाऊ दिसले. इस्पितळातून थेट आलेले, डोळे लाल. बाप उठला.

"बाबा, कुठे चाललात?"

"ते तुझ्यासाठी उभेत. असं उधार ठेवायचं नसतं, चार वर्षं पोसावं लागतं. तू आतच थांब. काही झालं तरी बाहेर यायचं नाही."

तो फाटकाबाहेर गेला आणि त्या दोघांसमोर हात खाली सोडून उभा राहिला. "मी तिचा बाप. शिकवलं मी. तिच्या वाटणीचं मला मारा."

थोरला भाऊ पुढे झाला. मग त्याने जी कानफटात दिली, तिचा आवाज अंगणापर्यंत आला. धाकट्याने पोटात लाथ घातली. बाप वाकला आणि पुन्हा सरळ उभा राहिला, तसे ते आणखीच भडकले. नाक फुटलं. भुवई फाटली. पडला तसा बरगड्यांत लाथा बसू लागल्या. पहारेकरी "अरे बस करा, मरेल की तो!" म्हणत नुसताच नाचत होता. ज्या माणसाने एका घावात जीव घेतला होता, तो हात अंगाशी धरून मार खात होता.

पोरगी फाटकाशी धावली. तिच्या डोळ्यांपुढे लाल अंधार आला होता. धाकट्याचं मानगूट हाताच्या अंतरावर होतं, पाठमोरा होता, एका ठोशात लोळला असता. कुठे मारायचं हे तिला पक्कं माहीत होतं. बापाने मातीतून वर पाहिलं.

"मूठ उघड," तो म्हणाला. तोंडातून रक्त येत होतं. "उघड म्हणतो ना! चार वाजायचेत अजून."

तिने मूठ उघडली. आयुष्यात एवढं जड काही तिने उचललं नव्हतं. फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरून ती मोठमोठ्याने रडत राहिली आणि समोर लाथा पडत राहिल्या.

शेवटी भाऊच दमले. बाप कोपरावर उठून बसला, एक दात थुंकला. "फिटलं ना? आता माझ्या पोरीकडे वाकड्या नजरेने बघायचं नाही."

"तिच्याकडे कोण बघतंय?" धाकटा धापा टाकत म्हणाला. आता त्याचाही आवाज रडवेला झाला होता. "ताईने सकाळीच कागदावर लिहून दिलं, तिला काढू नका म्हणून. बोलता येत नाही तर लिहून दिलं. आम्ही ते पोचवायलाच आलो होतो. पहारेकऱ्याकडून आत पाठवलं मघाशीच."

"मग मला कशाला मारलंत?"

"तुम्हीच म्हणालात, मारा!"

बाप हसायला लागला. बरगड्या धरून, कण्हत हसला आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. तो असा हमसून रडताना तिने कधी पाहिला नव्हता. भाऊ खाली मान घालून निघून गेले. ती त्याच्याजवळ मातीत बसली आणि ओढणीने त्याचं नाक पुसू लागली. तिला त्याची दया येत होती, त्याचा संतापही येत होता.

"बाबा," ती म्हणाली, "यापुढे मला काही शिकवू नका."

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. एक डोळा सुजून मिटत आला होता.

"बरं," तो म्हणाला. शिपाई दारातून समितीचं बोलावणं आल्याचं ओरडला. ती उठली, तसा त्याने तिच्या ओढणीचं टोक धरलं. "जेवलीस का, एवढं तरी विचारत जाऊ का?"

"विचारा," ती म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.