पहिली डिस्क कोणती

एक्स-रे काढताना ‘श्वास रोखा’ म्हणतात. ‘सोडा’ म्हणायला कधी कधी विसरतात.

मंगनीच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, बिर्याणीत बटाटा घालायचा की नाही, यावरून दोन घरांत अबोला होऊ शकतो.

ग्रहण उघड्या डोळ्यांनी बघू नये.

जाड लोखंडाला भोक पाडताना ड्रिलवर पाणी सोडत राहावं लागतं, नाहीतर टोक जळतं.

बूट करण्याजोगी डिस्क सापडली नाही.

*

यातली शेवटची ओळ काळ्या पडद्यावर होती, आणि पडद्यासमोर गजाला होती.

जालना रोडच्या मागच्या गल्लीत डॉ. विशाखांचं एक्स-रे सेंटर आहे. तिथले कॉम्प्युटर गजाला सांभाळते. सगळ्या पेशंटांचे जुने एक्स-रे एका सर्व्हरवर असतात. तो सर्व्हर तिच्या मजीदमामूंनी जोडून दिलेला. त्यात दोन डिस्क शेजारी शेजारी, दोन्हींवर एकच माल. एक गेली तर दुसरीनं दुकान चालवायचं, असा हिशेब.

आठवड्याच्या सुरुवातीला मामू येऊन मशीन तपासून गेले आणि जाता जाता म्हणाले, “पहिली डिस्क म्हातारी झाली. शुक्रवारी दुपारी गर्दी नसती, तेव्हा बदलून टाक.”

शुक्रवारी दुपारी गजालानं सर्व्हर बंद केला. पहिली डिस्क काढली, तिच्या जागी कोरी बसवली. काढलेली डिस्क तिनं गोकुळकडे, म्हणजे सेंटरच्या वॉर्डबॉयकडे दिली. जुनी डिस्क अशीच भंगारात द्यायची नाही, तिच्यात लोकांच्या छात्या असतात, हा डॉक्टरांचा नियम. आधी तिला भोक पाडायचं. ते काम गल्लीच्या टोकाला अल्तमशच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात होतं.

मग तिनं बटण दाबलं. पंखा ओरडला. ओरडतच राहिला.

*

“गजाला, दगडाबाईंचा जुना एक्स-रे काढ बरं,” डॉ. विशाखा दारातून म्हणाल्या. “तीनेक वर्षांपूर्वीचा असेल.”

“मॅडम, सर्व्हर उठत नाहीये.”

“मग उठव. त्यांच्या फुप्फुसावर डाग दिसतोय. जुन्या फोटोत तेवढाच असेल तर घरी पाठवते. नसेल, किंवा कळलंच नाही, तर सुई घालून तुकडा काढावा लागेल. आणि त्यांना दमा आहे. त्या फुप्फुसात सुई घालायला मला तरी आवडणार नाही.”

डॉक्टर गेल्या. दगडाबाई बाकावरून उठून दाराशी आल्या. अजिंठ्याहून सकाळच्या गाडीनं आल्या होत्या. हातातली पिशवी त्यांनी खाली ठेवली नव्हती.

“घावला का गं फोटू?”

“शोधतेय मावशी. तुमच्याकडं जुनी फिल्म असेल ना घरी?”

“व्हती की. दिवाळीत गिराण लागलं व्हतं बग, तवा पोरांनी कापून चष्मे केले. सूर्व्या लई झ्याक दिसला.” त्या खोकल्या. “म्या बी बघितला. माज्याच छातीतून.”

गजाला हसली, आणि हसू अर्ध्यावर ठेवून पडद्याकडं वळली.

*

सर्व्हर स्वतःच्या पायावर उभा राहत नसेल तर त्याला पेनड्राइव्हवरून उठवता येतं. पाहुण्याच्या काठीनं चालवल्यासारखं. गजालानं तसा उठवला आणि आत काय शिल्लक आहे ते बघितलं.

कोरी डिस्क: कोरी.

दुसरी डिस्क: वाचता येत नाही. पुन्हा प्रयत्न. वाचता येत नाही. पुन्हा प्रयत्न.

तिनं हात मांडीवर ठेवले. आजारी डिस्क तर तिनं काढली होती. राहिली ती चांगली असायला हवी होती. आता तीही गचके खात होती. म्हणजे दोन्ही गेल्या, असंच तिला वाटलं. तिच्या जागी कुणालाही तेच वाटलं असतं. तिनं मामूंना फोन लावला. बंद. परत लावला. बंद. मग तिच्या लक्षात आलं की जुम्म्याची वेळ आहे, मामू नमाजला असणार.

ती थांबली. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मरायला टेकलेल्या डिस्कला जास्त छेडू नये, एवढं तिला मामूंनीच शिकवलं होतं.

*

“वालेकुम सलाम. जोरात बोल बेटा, जुम्मा पढून सरळ मंगनीत आलो. इथं बटाट्यावरून गोंधळ हय.”

“मामू, दोन्ही डिस्क गेल्या.”

“दोन्ही कशा जातील? परवा तर एकच बिमार होती.”

“तुम्ही सांगितली ती पहिली काढली मी. आता दुसरीपण वाचता येत नाहीये.”

“पहिली म्हंजे कोणती काढली?”

“पहिली. डाव्या हाताची.”





“अगं, पहिली उजव्या हाताची!”

“उजवीकडची पहिली कशी असेल?”

“मग कुठून असती? माझ्या उर्दू शाळेत पहिलं पान उजवीकडून उघडायचं. फळ्यावर पहिलं अक्षर उजवीकडं. बेंचावर पहिला पोरगा उजवीकडं, तो मी. तुला तुझ्या अब्बांनी मराठी शाळेत घातलं, त्याला मी काय करू?”

“लिहून तरी ठेवायचं, मामू!”

“घरच्या माणसाला काय लिहून द्यायचं? ऐक. सुरू कसं व्हायचं, हे फक्त डाव्या डिस्कवर टाकलंय मी. म्हणून उठत नाही तो. तू काढली ती चांगली हय. तीच लाव परत. कुठं ठेवलीस?”

गजालानं फोन टेबलावर टाकला. मामूंचा जुम्मा सुटला होता, म्हणजे अल्तमशचाही सुटला होता.

*

ती चपला न घालता धावली. गल्लीत स्कूटर आडवी आली, तिनं स्कूटरवाल्याला हातानंच बाजूला सारलं.

अल्तमशचं शटर अर्धं वर होतं. तो डोक्यावरची टोपी काढून खिळ्याला अडकवत होता. डिस्क वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलेली होती. शेजारी पाण्याची बाटली, झाकण उघडं.

“अल्तमशभाई, नक्को!”

तो दचकला. “क्या हुआ बाजी? गोकुळनं तर सांगितलं, लगेच पाडून दे. मी म्हटलं, अजान झाली, येऊन पाडतो.”

“पाडलंत का?”

“कुठं? आत्ता तर आलो.”

तिनं स्वतःच वाइसचा दांडा उलटा फिरवला. डिस्कच्या दोन्ही कडांना दातांचे ठसे उमटले होते. बाकी काही नाही.

“भोक नाही पाडायचं मग?”

“दुसरी आणून देते. ती पाडा.”

“पक्कं ठरवून आणा बाजी,” अल्तमश म्हणाला. “पाडलेलं भोक बुजवता येतं, पण तुमच्या कामाचं राहत नाही.”

*

डावीकडं चांगली. उजवीकडची आजारी बाहेर, तिथं कोरी.

पंखा ओरडला आणि गप्प झाला. पडद्यावर ओळी धावू लागल्या. गजालानं श्वास सोडला. मग ओळी थांबल्या.

फोटोंचा साठा मिळाला नाही. आणीबाणीच्या अवस्थेत सुरू.

आता मात्र ती घाबरली नाही. दुपारभराच्या काढघालीत साठ्याचं नाव बदललं होतं, आणि सर्व्हर सुरुवातीच्या यादीत लिहिलेल्या जुन्या नावानं हाका मारत बसला होता. गजालानं यादी उघडली. जुनं नाव खोडलं. त्या जागी साठ्याची कायमची ओळख लिहिली. ती लांबलचक, निरर्थक अक्षरांची असते, पण डिस्क इकडची तिकडं केली तरी बदलत नाही. एकेक अक्षर बोट ठेवून तपासलं. पुन्हा सुरू केलं.

सर्व्हर उठला.

दगडाबाई मागं उभ्याच होत्या. “झालं व्हय?”

“झालं मावशी. श्वास सोडा.”

“मी कवा धरला व्हता?”

*

डॉ. विशाखांनी दोन छात्या शेजारी शेजारी लावल्या. जुनी डावीकडं, नवी उजवीकडं. डागावर रेघ ओढून मापलं. दुसऱ्यावर मापलं. चष्मा काढून परत पहिल्यावर मापलं.

“तेवढाच आहे. काही वाढलेला नाही. सुई नको.”

“मंग खोकला कशाचा?” दगडाबाईंनी विचारलं. आवाजात तक्रार होती. एवढ्या लांबून येऊन काहीच नाही निघालं, हे त्यांना पटत नव्हतं.

“चुलीचा. धुराचा. गोळ्या लिहून देते.”

“धूर तर जलमापासून हाय.”

“खोकलापण तेव्हापासूनच असेल मावशी.”

“असंल,” दगडाबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच पिशवी खाली ठेवली.

गजाला परत सर्व्हरपाशी गेली. डावीकडची डिस्क उजवीकडच्या कोऱ्या डिस्कवर सगळा माल उतरवत होती. काम हळू चाललं होतं.

*

तीन वर्षांपूर्वी दगडाबाई स्वतःला दाखवायला आल्याच नव्हत्या. नवऱ्याच्या, पुंजारामच्या, बरगडीला बैलाचं शिंग लागलं होतं म्हणून त्याला घेऊन आल्या होत्या. त्या दिवशी सेंटरमध्ये रांग नव्हती, म्हणून शेजारी खोकत बसलेल्या दगडाबाईंचाही एक फोटो काढून ठेवला.