पिठल्यावरचं झाकण

मंगलचा राग म्हणजे चुलीवरची आमटी. उतू जायची, चूलभर पसरायची आणि घटकाभरात थंड. तिच्या नवऱ्याचं, हनुमंताचं, तसं नव्हतं. बारा दिवस झाले, गडी गप्प होता. गुरं सोडायचा, पानशेतच्या रस्त्यावरल्या त्यांच्या खानावळीत गिऱ्हाइकांसाठी बुक्कीनं कांदे फोडून द्यायचा, वाढलेली भाकरी खायचा. पण तोंडातून शब्द म्हणून निघत नव्हता.

कारण लेक. शिवानी पुण्याला दगडांचं शास्त्र शिकत होती, आणि जावा बेटावरच्या जिवंत ज्वालामुखीचा सहा महिने अभ्यास करायला तिची निवड झाली होती. आज रविवार, संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. आणि पोरीचा एकच हेका, "आबा हो म्हणाले तरच जाईन."

"ते बोलतील तवा सूर्य पश्चिमेला उगवंल!" पिठलं ढवळता ढवळता मंगल करवादली. "आन् मला सांग, डोंगर फुटतोय तितंच कशाला मरायला जातीस? हितं काय दगड कमी हायेत?"

शिवानी हसली. "आपले डोंगरही आगीचेच आहेत, आई. पण इथला वितळल्या दगडाचा रस पातळ होता, तुझ्या आमटीसारखा. वाफ सहज निघून जायची. भेगांतून वर यायचा, उतू जायचा, कुठच्या कुठं पसरायचा. तोरण्याला पायऱ्या-पायऱ्या दिसतात ना, ते त्याचे थर."

"आन् तितला?"

"तिथला घट्ट. वाळूत असतो तो अंश त्यात जास्त, म्हणून चिकट. वाफ आतच कोंडते. वरून सगळं शांत दिसतं, आणि मग..."

तेवढ्यात पिठलं रटरटलं आणि फट्कन एक ठिपका मंगलच्या मनगटावर बसला. "आगं आई गं!" तिनं हात झटकला. वीस वर्षांचे डाग होते त्या मनगटावर, सगळे पिठल्याचे. आमटीनं तिला असं कधी भाजलं नव्हतं.

तिनं दारातून बाहेर पाहिलं. हनुमंत दगडापाशी बसून फुटलेल्या कांद्यावरच पुन्हा पुन्हा बुक्की मारत होता.

मंगलनं पिठलं चुलीवरून खाली उतरवलं. अकरा वर्षं या घरात एक नाव कुणी घेतलं नव्हतं. तिनंच सगळ्यांना दम भरला होता, ह्यांच्यासमोर ते काढायचं न्हाई म्हणून. तिला वाटलं होतं, जखम भरंल. कसली भरतीय! झाकण तर तिनंच घट्ट बसवलं होतं.

पदराला हात पुसत ती बाहेर आली आणि त्याच्यासमोर फतकल मारून बसली.

"धनाजीभावजींचं बोला," ती म्हणाली.

हनुमंताची मूठ वरच्या वर थांबली. धनाजी त्याचा धाकटा भाऊ. वेल्ह्याच्या खोऱ्यात दोघं मिळून विहिरींना सुरुंग लावायचे, आणि तसाच एका विहिरीत धनाजी गेला. गावाला एवढंच ठाऊक होतं.

"पाच बार उडाले," हनुमंत म्हणाला. आवाज गंजल्यासारखा झाला होता. "सहावा उडंना. धूर न्हाई, आवाज न्हाई. वात विझली वाटलं. अर्धा दिस थांबायचं असतंय, ठाव हुतं मला. पर दुसरीकडं जायाची घाई. समद्यास्नी सांगितलं, त्यो आपल्या मनानं उतरला. न्हाई, मंगल. म्याच म्हनलं, जा धना, बघून ये."

आणि तो रडला, लहान पोरासारखा, ढसाढसा. मंगललाही रडू फुटलं. मोटारीतून आलेल्या कुणीतरी भाकरीसाठी हाक दिली, तशी ती तिकडं न बघता ओरडली, "थांबा वाईच! मरत न्हाई कोन भुकेनं!"

शिवानी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "आबा, नाही जात मी."

हनुमंतानं मान हलवली. कांद्याच्या हातानंच डोळे पुसले, त्यानं आणखी पाणी आलं.

"जा तू," तो म्हणाला. "पर एक ध्यानात ठेव. धूर दिसंना, आवाज येईना, म्हनून जवळ जायाचं न्हाई. गप दिसला का लई लांब थांबायचं. कुनी थोरल्यानं जा म्हनलं, तरी न्हाई."