झुबेरच्या नावाचं रक्त

आजारी पोरगी, मग रक्त आमचं कशाला? त्या डॉक्टरीणबाईंचा मला पहिल्यापासून संशय होता. महिन्यातून एकदा मुंबईहून रत्नागिरीत यायच्या आणि शिफाला तपासून झालं की आमचीच चौकशी करत बसायच्या. चार वर्षांची माझी पोर एकदा कांजिण्यांनी, एकदा साध्या सर्दीतापाने मरता मरता वाचली होती.

बाई समजवायच्या, "विषाणू पेशीत घुसला की आतलं एक एन्झाइम दुसऱ्याला निरोप देतं, दुसरं तिसऱ्याला. निरोप पोचला की शरीर लढायला उठतं. शिफाचा निरोप मधेच अडतोय. कुठे, ते कळलं तर औषध ठरवता येईल."

त्यासाठी आईबापांचं रक्त हवं होतं. मी लगेच दिलं. माझा नवरा झुबेर कुवेतच्या नव्या व्हिसाची वाट बघत घरीच होता. "मी उद्या लॅबमधी जाऊन देतंय," म्हणाला आणि दोस्त अद्नानला घेऊन गेला.

दोन महिन्यांनी बाईंनी आम्हाला बोलावलं. सासूही सोबत आली. आल्या आल्या दार लावून घेतलं, ते मला मुळीच आवडलं नाही.

"हा दोष आई आणि बाप दोन्हीकडून आला तरच आजार होतो," त्या म्हणाल्या. "इफ्फत, एक तुमच्याकडून आलाय. झुबेरच्या रक्तात तो नाहीच." मग खाली बघत, "हे रक्त शिफाच्या वडिलांचं असू शकत नाही."

शेजारी बसलेली सासू बाकावर माझ्यापासून लांब सरकली. लाजेने आणि रागाने मला रडू फुटलं. मी झुबेरकडे पाहिलं. त्याने भडकायला हवं होतं, पण तो मानेवरचा घाम पुसत होता.

"लॅबच्या नळीत तुमचंच रक्त होतं ना?" मी विचारलं.

तो लावलेल्या दाराकडे बघू लागला.

"अल्लाची शपथ घेऊन सांगा!"

"मागं कावीळ झालेली," तो पुटपुटला. "रक्तात काय निघालं नि व्हिसाच्या मेडिकलवाल्यांना कळलं, तर अनफिट करतील. म्हणून अद्नानचं दिलं."

बाईंनी सुई काढली. झुबेरने बाही वर केली. सासू परत जवळ सरकली, माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो झटकला.

लेकीचं औषध दोन महिने लांबलं, ते एक वेळ माफ करीन. पण बाई बोलल्यापासून मी विचारेपर्यंत त्याला सगळं ठाऊक होतं, आणि तो गप्प बसला होता.